रात्रतळावरचे आठ महिने: दोन ट्रक गल्लीबाहेर नेल्यानंतरचा अनुभव

पनवेलजवळच्या कामोठ्यात आम्ही राहतो त्या गल्लीत माझे दोन ट्रक सात वर्षे रात्री उभे राहत होते; गेल्या मे महिन्यापासून ते तेथे उभे राहत नाहीत. कळंबोली आणि तळोजा यांच्या दरम्यान, महामार्गाच्या सेवा रस्त्याला लागून, एका खासगी व्यावसायिकाने साधारण शंभर गाड्यांची सोय असलेले सशुल्क रात्रतळ चालवायला घेतले आहे. तेथील मासिक पास घेऊन मला आता आठ महिने झाले. या काळात उन्हाळ्याचा शेवट, संपूर्ण पावसाळा आणि दिवाळीच्या मालाची घाई हे सगळे पाहून झाल्यामुळे या सेवेविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल, असे वाटते. माझ्यासारख्या एक-दोन गाड्यांच्या मालकांसाठी हे लिहीत आहे, परंतु ज्यांच्या खिडकीखाली अशा गाड्या उभ्या राहतात त्या रहिवाशांनीही ते वाचावे, अशी इच्छा आहे. तळाचे नाव मी देत नाही, कारण मी ज्या कसोट्यांवर ते तपासले त्या कोणत्याही तळाला लावता येतील आणि नावापेक्षा त्या कसोट्याच वाचकाच्या अधिक उपयोगाच्या आहेत.

माझ्या दोन गाड्यांपैकी एक दहाटायरी आहे. ती कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रे आणि सळ्या भरून चाकण, रांजणगावकडे जाते. दुसरी सहाचाकी असून ती तुर्भ्याच्या दाणा बाजारातून धान्य घेऊन पनवेल, पेण आणि अलिबागच्या दुकानांना पोहोचवते. दोन्ही गाड्यांचा माल बहुतेक वेळा संध्याकाळी भरला जातो आणि उतरवायचे गोदाम किंवा दुकान सकाळी उघडते, म्हणजे मधली रात्र भरलेल्या गाडीसह कोठे तरी काढावीच लागते. शहरांत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत जड वाहनांना प्रवेशबंदी असल्यामुळे ही मधली वेळ आणखी लांबते. मुंबईतला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलवला गेला, न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, लोखंड बाजार कळंबोलीला आला आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे तोंडही कळंबोलीलाच उघडले. या सगळ्याबरोबर माल आला, गाड्या आल्या, गाड्यांचे मालक आणि चालकही येथेच राहायला आले. पण त्या गाड्यांनी रात्री कोठे थांबावे याची सोय मालाच्या वेगाने वाढली नाही. त्यामुळे ज्याची गाडी, त्याच्या दाराशी ती उभी राहू लागली. मीही तेच केले आणि त्यात काही गैर आहे असे मला बरीच वर्षे वाटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आमच्या गल्लीची रुंदी नऊ मीटर आहे. माझा मोठा ट्रक अडीच मीटर रुंद आहे आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या एका मालकाची तेवढीच गाडी उभी असे. दोन्ही गाड्यांची रुंदी, पदपथाच्या कडेपासून सोडलेली वीतभर जागा आणि बाहेर आलेले आरसे वजा केले, तर मध्ये साडेतीन मीटरसुद्धा नीट उरत नव्हते. एवढ्या जागेतून मोटार जाते. अग्निशमन दलाची गाडी मात्र चालकाने श्वास रोखूनच काढावी लागेल. गेल्या वर्षी मार्चमध्ये तळमजल्यावरच्या आजींना रात्री दीडच्या सुमारास दम लागला, तेव्हा आलेली रुग्णवाहिका वळणावरच थांबली, कारण त्या रात्री तिसरी एक गाडी कोपऱ्यावर तिरकी लावलेली होती. आजींना स्ट्रेचरवरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत न्यावे लागले. ती तिसरी गाडी माझी नव्हती, परंतु स्ट्रेचर माझ्या ट्रकाच्या कडेने गेले आणि ते धरणाऱ्यांत मीही होतो. आजी चार दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. त्यांनी मला काही सुनावले नाही, एवढेच विचारले, "दादा, पहाटे गाडी चालू करून इतका वेळ का ठेवतात रे?"

त्या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक आहे आणि रहिवाशांना ते क्वचितच कोणी सांगते. जड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभर गाडी उभी राहिली की टाक्यांमधली हवा थोडी थोडी गळते, जुन्या गाडीत ती पहाटेपर्यंत जवळजवळ संपते, आणि पुरेसा दाब पुन्हा तयार होईपर्यंत मागच्या चाकांचे स्प्रिंगवरचे ब्रेक सुटतच नाहीत. म्हणून चालकाला इंजिन चालू करून पाच ते दहा मिनिटे नुसते थांबावे लागते, मधून मधून ॲक्सिलरेटर दाबावा लागतो आणि दाब भरल्यावर हवा सुटल्याचा जो मोठा फुस्स असा आवाज होतो तोही त्याच यंत्रणेचा भाग आहे. याचा अर्थ असा की चालक कितीही समंजस असला तरी जड गाडी निवासी गल्लीतून पहाटे चार वाजता निःशब्द निघू शकत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खिडकीपासून चार हातांवर घरघरणारे ट्रकाचे इंजिन त्या मर्यादेत राहणे शक्य नाही. आमचे घर मागच्या बाजूला चौथ्या मजल्यावर असल्यामुळे हा आवाज मी सात वर्षांत एकदाही अंथरुणात पडून ऐकला नव्हता. आजींच्या घरी एक पहाट मुद्दाम बसलो, तेव्हा धुराड्याचा धूर त्यांच्या स्वयंपाकघराच्या जाळीतून थेट आत येत होता. त्याच आठवड्यात मी तळाची चौकशी केली.

आता तळाविषयी. प्रवेशद्वारावर गाडीचा क्रमांक, चालकाचा परवाना आणि मोबाइल क्रमांक नोंदवून घेतात. पासधारकांना कार्ड दिलेले असते आणि ते दाखवले की आडवा दांडा वर जातो. एका रात्रीचे दहाटायरीला १८० रुपये, सहाचाकीला १२० रुपये असा दर आहे. मासिक पास अनुक्रमे ३,६०० आणि २,४०० रुपयांना मिळतो. पैसे मोबाइलवरून देता येतात व पावती लगेच मिळते; याबाबत आठ महिन्यांत एकदाही चूक झालेली नाही. तळ चोवीस तास उघडे असते हे खरे, पण आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दार एकच आहे. रात्री दहा ते साडेअकरा या वेळेत आत येणाऱ्या गाड्यांची रांग सेवा रस्त्यावर येते आणि पहाटे चारला निघणाऱ्या गाड्यांची तशीच रांग आत लागते. नोव्हेंबरमध्ये एका चाळीसफुटी कंटेनरचा ट्रेलर बाहेरच्या वाटेवर आडवा लावून त्याचा चालक झोपी गेला होता. त्याला शोधून उठवेपर्यंत पन्नास मिनिटे गेली आणि आमच्या गाडीचा चाकणमधला उतरवण्याचा क्रम हुकला. जमिनीवरचे पांढरे पट्टे पावसाळ्यात पुसले गेले ते अजून पुन्हा मारलेले नाहीत. रात्री विजेरी घेऊन गाड्या लावून देणारा मुलगा कष्टाळू आहे, परंतु शंभर गाड्यांना एक मुलगा पुरत नाही.

पावसाळ्याविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण तळाची खरी परीक्षा तेव्हा झाली. पुढचा अर्धा भाग काँक्रीटचा असून मागच्या अर्ध्या भागात मुरूम आणि खडी टाकून रोलर फिरवलेला आहे. पनवेलच्या पावसात मुरूम किती टिकणार, हे या भागात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. तीन आसांच्या दहाटायरी गाडीला भारासह साडेअठ्ठावीस टनांपर्यंतची मुभा २०१८ पासून आहे, आणि सळ्या भरलेली गाडी त्या आकड्याच्या जवळपासच असते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमची भरलेली गाडी मागच्या भागात लावावी लागली आणि पहाटेपर्यंत तिची डाव्या बाजूची मागची चाके वीतभर रुतली. हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, मागवून ती बाहेर काढावी लागली. व्यवस्थापनाने आधी सगळा खर्च माझ्या माथी टाकला; भरलेल्या गाडीला मागे पाठवण्याचा निर्णय त्यांच्या माणसाचा होता, हे मी कार्यालयात बसून दोन दिवस शांतपणे मांडले, तेव्हा निम्मा खर्च त्यांनी पासच्या रकमेतून वळता केला. त्यानंतर भरलेल्या गाड्या पुढे आणि रिकाम्या मागे असा नियम त्यांनी केला व तो बऱ्यापैकी पाळला जातो. पास घेण्यापूर्वी तळाची जमीन कोणती आहे आणि पाण्याचा निचरा कोणीकडे होतो हे प्रत्येकाने स्वतः चालून पाहावे. कागदावर दोन्ही भागांचा दर सारखाच असतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत माझे मत संमिश्र आहे. उंच खांबावरचे दिवे चांगले आहेत, दोन रखवालदार रात्रभर खरोखर फिरतात आणि कॅमेरे चालू असतात. गल्लीत सात वर्षांत माझ्या गाडीच्या बॅटऱ्या दोनदा आणि ताडपत्री एकदा चोरीला गेली. ट्रकाला चोवीस व्होल्टसाठी दोन बॅटऱ्यांची जोडी लागते, म्हणजे प्रत्येक चोरी पंधरा-वीस हजारांची होती. तळावर माझे काहीही गेलेले नाही. परंतु नाल्याकडच्या भिंतीच्या कोपऱ्यातला दिवा सप्टेंबरपासून बंद आहे आणि त्याच कोपऱ्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीच्या टाकीतून डिझेल काढले गेले. लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास भाव असताना साठ लिटर गेले तर साडेपाच हजारांचा फटका बसतो, आणि ते भाड्यात भरून येत नाही. त्या मालकाला कॅमेऱ्याचे चित्रण व्यवस्थापनाने लगेच दाखवले आणि पोलिसांकडे जाण्यासाठी त्याची प्रतही दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मात्र पावतीच्या मागे "वाहन व माल यांची जबाबदारी मालकाची राहील" असे छापलेले आहे. रात्रीच्या राखणीचे पैसे घेऊन राखणीची जबाबदारी पूर्णपणे नाकारणे मला योग्य वाटत नाही. निदान दिवे, कुंपण आणि रखवालदारांच्या फेऱ्या यांची तरी लेखी हमी त्यांनी द्यावी, असे मी त्यांना पत्राने कळवले आहे. पत्राचे उत्तर अजून आलेले नाही.

माझ्या दृष्टीने या सेवेतला सर्वांत महत्त्वाचा भाग गाडीचा नाही, चालकाचा आहे. मोठ्या गाडीवर आमचे अण्णा आहेत. करमाळ्याकडचे, पन्नाशी उलटलेले, तेवीस वर्षे स्टिअरिंगवर काढलेले. गल्लीत गाडी उभी असताना ते केबिनमध्येच झोपत, कारण घर गावी आणि माल अंगावर. दार उघडे ठेवले तर डास आणि चोराची धास्ती, लावून घेतले तर घामाने जीव नकोसा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे आणि तो निर्णय चांगलाच आहे, पण आमची गाडी जुनी आहे. शिवाय नव्या गाडीतही ते चालवायचे तर इंजिन सुरू ठेवावे लागते, म्हणजे तासाला लिटर-दोन लिटर डिझेल जळणार आणि गल्लीत उभी असेल तर आवाज रात्रभर चालू राहणार. आणि शौचालय? निवासी गल्लीत ट्रकचालकासाठी शौचालय नसते, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याविषयी कोणी बोलतच नाही. अण्णा पहाटे अंधारात रेल्वे स्थानकापर्यंत चालत जात. हे मला माहीत होते, आणि तरीही ती माझी अडचण आहे असे मी कधी मानले नाही.

तळावर पत्र्याची शेड असून तिच्यात वीस खाटा आणि पंखे आहेत. अंथरूण-पांघरूण आपले आणावे लागते. पासधारकांना खाटेचे वेगळे पैसे पडत नाहीत. पहिले पंधरा दिवस अण्णा तेथे झोपायला तयार नव्हते. "शेठ, माल सोडून झोप लागत नाही," एवढेच ते म्हणत. मग एका रात्री मी स्वतः तेथे राहिलो, रखवालदारांच्या फेऱ्या त्यांच्याबरोबर बसून पाहिल्या, गाडी दिव्याखाली लावून घेतली, आणि त्यानंतर ते शेडमध्ये झोपू लागले. आता ते साडेदहाला आडवे होतात आणि पहाटे साडेतीनला उठतात. पाच तासांची सलग झोप फार नव्हे, परंतु पूर्वी तीही मिळत नव्हती, आणि त्याच माणसाला सकाळी भरलेली गाडी घेऊन बोरघाट चढायचा असतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने, चालकांना रात्री जेथे मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतिगृहाची सोय मालकाने करावी अशी तरतूद केली होती. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, म्हणून दोन गाड्यांच्या मालकाला तो बांधील नव्हता. पण दोन गाड्यांच्या मालकाचा चालकही रात्री झोपतोच.

शौचालयांबाबत तक्रार आहे. शंभर गाड्यांसाठी चार शौचालये आणि दोन न्हाणीघरे आहेत आणि पहाटे पाचनंतर टाकीतले पाणी संपते. सुरुवातीचे चार महिने सफाई दिवसातून एकदाच होत असे. आम्ही अकरा पासधारकांनी मिळून लेखी मागणी केल्यावर ऑक्टोबरपासून ती दोनदा होते. पाण्याची टाकी वाढवण्याचे आश्वासन मिळाले आहे. चहा-नाश्त्याची टपरी चांगली आहे, पोहे गरम मिळतात, जेवण मात्र महामार्गावरच्या ढाब्यावरच घ्यावे लागते.

सहाचाकी गाडीच्या बाबतीत अडचण वेगळी होती. तिचा चालक कामोठ्यातच, आमच्यापासून दोन चौक पलीकडे राहतो. पूर्वी तो गाडी गल्लीत लावून पाच मिनिटांत चालत घरी पोहोचत असे. तळ घरापासून सहा किलोमीटर दूर असल्यामुळे रात्री अकराला रिक्षाचे दीडशे रुपये आणि पहाटे रिक्षाच नाही, अशी परिस्थिती झाली. पहिल्या महिन्यात त्याने दोनदा मला न सांगता गाडी परत गल्लीत आणली आणि मी त्याला रागावू शकलो नाही. हा प्रश्न अगदी साध्या गोष्टीने सुटला: पासधारकांच्या चालकांना दुचाकी तळावर विनामूल्य ठेवता येते, हे मला जूनमध्ये कळले. आता तो सकाळी दुचाकी तेथे ठेवून ट्रक काढतो आणि रात्री ट्रक लावून दुचाकीने घरी येतो. मोठमोठे वाहनतळ उभारताना दुचाकींसाठी एक कोपरा राखून ठेवणे ही किरकोळ बाब समजली जाते, परंतु स्थानिक चालकांच्या गाड्या गल्लीतून बाहेर पडतील की नाही, हे माझ्या अनुभवात त्या कोपऱ्यावरच ठरले.

आता खर्चाकडे वळतो, कारण बहुतेक मालक येथेच थांबतात. दोन्ही पासचे मिळून महिन्याला ६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७२,००० होतात. त्याआधीच्या वर्षात रात्री गल्लीत गाडी उभी केल्याबद्दल मला तीन चलाने आली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये दंड आहे. तीनही चलाने मोठ्या गाडीवरची असल्यामुळे मी साडेतीन हजार भरले. बाहत्तर हजार आणि साडेतीन हजार यांतला फरक पाहिला की गाड्या गल्लीत का राहतात ते समजते. कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करता येत नाही, पण अडथळा झाला की नाही हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. गाडी उचलून नेण्याचा किंवा चाकाला कुलूप लावण्याचा अधिकार कलम १२७ देते, परंतु त्यासाठी गाडी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस असावी लागते, नाहीतर ती जागा मुळात मनाई असलेली असावी लागते. रात्री आठला आलेली गाडी पहाटे पाचला निघाली तर नऊच तास होतात. म्हणजे गल्लीत रीतसर अधिसूचना काढून मनाईचा फलक लावलेला नसेल, तर नेमकी रात्रमुक्कामाची गाडीच या तरतुदीतून सुटते. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्याने सांगितले की तेथे निवासी रस्त्यावर व्यापारी वाहन रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळेत उभे करायलाच मनाई आहे. घड्याळाला बांधलेला असा नियम समजायला सोपा आणि राबवायलाही सोपा आहे. आपल्याकडे कलम ११७ ने राज्य सरकारला, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून, वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. ज्या रहिवासी संस्थांना ट्रकांचा त्रास होतो त्यांनी एकेका गाडीचे छायाचित्र पाठवण्याबरोबरच आपल्या गल्लीसाठी अशा अधिसूचनेची आणि फलकाची मागणी करावी, आणि त्याच अर्जात जवळच्या अंतरावर परवडणाऱ्या रात्रतळाचीही मागणी करावी. दुसऱ्या मागणीशिवाय पहिली मान्य झाली, तर गाड्या शेजारच्या गल्लीत जातात. आमच्या मागच्या सेक्टरमध्ये हे घडलेले मी पाहिले आहे.

माझ्या हिशेबात बाहत्तर हजारांतला सगळा भाग खर्च म्हणून उरत नाही. बॅटऱ्या आणि ताडपत्री वाचली. पहाटे वळणावर गाडी मागे घेताना दुसऱ्याच्या मोटारीला लागल्याची जी भरपाई वर्षाला एकदा तरी द्यावी लागे, ती वाचली. दिवाळीच्या हंगामात अण्णांनी महिन्याला दोन खेपा जास्त मारल्या. त्याचे सगळे श्रेय मी तळाला देणार नाही, पण झोप झालेल्या माणसाचे काम वेगळे दिसते. तरीही दोन गाड्यांच्या मालकाला सहा हजार जड जातात, हे खरे आहे, आणि ज्याची एकच गाडी हप्त्यावर आहे त्याला छत्तीसशेसुद्धा परवडतीलच असे नाही. अशा मालकांसाठी पंधरा रात्रींचा पास असावा, असे मी व्यवस्थापनाला सुचवले आहे. महिन्यातल्या दहा-बारा रात्री गाडी बाहेरगावीच असते; त्या रात्रींचे पैसे त्यांनी का भरावेत?

गल्लीत आता माझ्या गाड्यांच्या जागेपैकी निम्म्या जागेत मोटारी उभ्या राहतात आणि उरलेल्या जागेत संध्याकाळी मुले सायकली फिरवतात. पदपथाचे जे ठोकळे माझ्या मागच्या चाकांनी दाबून फोडले होते ते सोसायटीच्या परवानगीने मी बदलून घेतले. ट्रकाखालची जागा सात वर्षे झाडूवाल्या मावशींना झाडताच येत नव्हती. तेथे तेलाचा जो काळा थर बसला आहे तो दोनदा धुऊनही गेलेला नाही. आजी आता पहाटे स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवतात.

या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन: चालकांच्या शेडसाठी, दुचाकीच्या जागेसाठी आणि नोंदींच्या शिस्तीसाठी भरपूर; एकाच दारासाठी, मागच्या मुरमासाठी आणि पावतीमागच्या त्या ओळीसाठी कमी. ज्वालाग्राही माल किंवा रसायनांचे टँकर येथे घेत नाहीत, त्यामुळे तळोज्याच्या कारखान्यांकडे टँकर चालवणाऱ्यांनी चौकशीसाठी फेरी मारू नये. शीतपेटीच्या गाड्यांना वीजजोडणी मिळत नाही.

समोरच्या बाजूला ज्यांची गाडी उभी असते ते मालक गेल्या आठवड्यात मला तळाविषयी विचारत होते आणि रविवारी दुपारी जाऊन पाहू म्हणत होते. दुपारी तेथे वीस गाड्या असतात, वाटा मोकळ्या असतात आणि शौचालये धुतलेली असतात, म्हणून मी त्यांना बुधवारी रात्री साडेदहाला नेले. बाहेर चौदा गाड्यांची रांग होती. आत जाऊन आम्ही शेड पाहिली, अण्णांनी त्यांना आपल्या खाटेशेजारची खाट दाखवली, पाण्याची टाकी पाहिली, मागच्या भागातल्या मुरमावर बूट दाबून पाहिले. शेवटी नाल्याकडच्या कोपऱ्यात गेलो. तेथला दिवा अजून बंदच होता आणि तरीही त्याखाली तीन गाड्या उभ्या होत्या. त्यांनी कार्यालयात जाऊन पासचा अर्ज मागितला आणि तो कोपरा सोडून कोणतीही जागा चालेल, असे त्यावर आपल्या हाताने लिहिले.